बदक, राजहंस आणि आपली समीक्षा

ग. दि. माडगूळकरांच्या सर्वपरिचित बालगीतातील कुरूप पिलाची कथा उपेक्षितांच्या आत्मभानाची कथा म्हणून वाचण्याची आपल्याला सवय जडली आहे. हे वाचन संहितेला सोडून आहे. पिलाची सुटका होते, कारण पाण्यातील प्रतिबिंबात त्याचे उच्च कुळ उघड होते. तळ्यावरील मूल्यश्रेणी मात्र जशीच्या तशी राहते. ते पिलू खरोखरच बदक असते तर? हा प्रश्न ना संहिता विचारते, ना समीक्षक.

हॅन्स अँडरसनच्या १८४३ च्या मूळ कथेतही रहस्य जन्माचेच आहे. मराठीत त्यावर शब्दांची उतरंड चढते. 'बदक' हा फारसी 'बत'च्या गोतातला शब्द. फारसीत बदकाच्या आकाराच्या मद्यपात्रालाही तोच शब्द. 'राजहंस' संस्कृत, अमरकोशाने त्याला शुभ्र वर्ण, तांबडी चोच व तांबडे पाय दिले, कविसंकेताने नीरक्षीरविवेक दिला. प्राणिशास्त्र दोघांना एकाच कुळात बसवते. भाषेने त्यांच्यात वर्णभेद केला. ज्या समीक्षेने नीरक्षीरविवेक हेच आपले ब्रीद मानले, तिला हा भेद दिसावा कसा? ती स्वतःच राजहंसाच्या पक्षाची आहे.

बालगीतावर एवढा भार कशाला, असा आक्षेप येईल. मूल ज्या वयात प्रश्न विचारीत नाही, त्या वयात हे गीत त्याच्या कानी पडते; म्हणूनच तो भार घातला पाहिजे.

महाड-पोलादपूरच्या विद्यार्थ्यापुढे तर 'तळे' हे चिन्ह निरागस राहूच शकत नाही. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव मुंबई कायदेमंडळाने १९२३ साली केला. महाड नगरपालिकेने १९२४ साली तो स्वीकारला. तरीही २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्यावर सत्याग्रह करावा लागला, आणि त्यानंतर त्या पाण्याचे 'शुद्धीकरण' झाले. उच्च न्यायालयाचा निर्णय १९३७ मध्ये आला. पशुपक्ष्यांना त्या तळ्याची बंदी कधीच नव्हती. डिसेंबर १९२७ च्या परिषदेत डॉ. आंबेडकरांनी १७८९ च्या फ्रेंच राष्ट्रसभेचा दाखला देऊन जन्मतः समतेचे तत्त्व मांडले. तेथे कोणी आपले दडलेले राजकुळ सिद्ध करीत नव्हते.

जन्माचे रहस्य उकलून मिळणारी प्रतिष्ठा आणि जन्माची अट नाकारून मागितलेला हक्क, या दोन गोष्टींना 'आत्मभान' हे एकच नाव देणारी समीक्षा दुसरीचा अर्थ पुसून टाकते. बदकाचा पाण्यावरील हक्क सिद्ध करण्यासाठी त्याला राजहंस ठरवण्याची गरज नाही, एवढे तरी तिने मान्य करावे.