डाग लाखेला, शिक्षा लाकडाला

जुन्या टेबलावर, झोपाळ्याच्या फळीवर, कपाटाच्या दारावर जे पांढुरकं वर्तुळ उमटतं, ते लाकडात नसतं. ते लाकडावर चढवलेल्या पॉलिशमध्ये असतं, आणि जुन्या घरांत ते पॉलिश बहुधा कागदाएवढंही जाड नसतं. हे ठाऊक असून जो कंत्राटदार ‘आतून खराब झालंय, घासायचं मशीन मारून घ्यावं लागेल’ असं सांगतो, त्याला मी लबाड म्हणतो. आणि ज्याला हे ठाऊकच नाही, त्याने दुसऱ्याच्या घरातल्या लाकडाला हात लावू नये.

रायगडच्या किनाऱ्यावर या अज्ञानाची फार मोठी किंमत मोजावी लागली. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ आलं. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूडकडची कौलं आणि पत्रे उडाले, मागोमाग पावसाळा लागला. टाळेबंदीमुळे पत्रा मिळेना, माणूस मिळेना, अनेक गावांत कित्येक आठवडे वीज नव्हती. उघड्या छपराखाली ओटीवरचे झोपाळे आणि माजघरातली कपाटं भिजून पांढरी पडली. डोक्यावर छप्पर नसलेला माणूस कपाटाच्या रंगाची चिकित्सा करत बसत नाही. नेमक्या त्याच वेळी टेम्पो घेऊन फिरणाऱ्यांनी ‘हे आता जळणालाच’ म्हणत सागवानी वस्तू कवडीमोलाने उचलल्या. जळणासाठी कुणी एवढ्या लांबून टेम्पो घेऊन येत नाही. मांडव्याच्या आसपास बंगले सजवणाऱ्यांना जुनं सागवान हवंच असतं, आणि तिथे त्याला कुणी जळाऊ म्हणत नाही.

सागवान पाण्याने मरतं, हे कोकणी माणसाला कुणी पटवून द्यावं, याचाच मला संताप येतो. याच किनाऱ्यावर आंग्र्यांचं आरमार नांदलं. मुंबईच्या गोदीत मलबारी सागवानाचं बांधलेलं ‘ट्रिंकोमाली’ हे लढाऊ जहाज 1817 साली पाण्यात उतरलं, ते आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला पाण्यावर उभं आहे. त्याच जातीचं लाकूड एका चहाच्या कपाने किंवा एका पावसाळ्याने कुजलं, असं म्हणणाऱ्याला ओटीवर बसवून घेणं थांबवा.

मग पांढरं होतं ते काय? जुनं पॉलिश म्हणजे लाख. पळस, बोर, कुसुम या झाडांवर राहणाऱ्या किड्यांची राळ; ती स्पिरिटमध्ये विरघळवून कापसाच्या पुरचुंडीने थरावर थर चढवतात. ही लाख साधारण 75 ते 80 अंशांना वितळते. चुलीवरून थेट टेबलावर ठेवलेलं पातेलं त्याहून गरम असतं. थर मऊ पडतो, बाष्प आत शिरतं, अतिसूक्ष्म पोकळ्या तयार होतात आणि त्यांत प्रकाश विखुरतो. साबणाचं पाणी पारदर्शक, पण त्याचा फेस पांढरा, इथेही तसंच. लाकडाच्या एका रेषेलाही धक्का लागलेला नसतो. या फेसापायी घरोघरी सुनांनी बोलणी खाल्ली आहेत. सासऱ्यांच्या वडिलांच्या टेबलाचं वाटोळं केलं, हे वाक्य मी चांगल्या शिकलेल्या घरांत ऐकलं आहे. वाटोळं झालेलं नसतं. दुपारभराचं काम असतं.

ते काम असं. आधी ओलसर फडक्याने पुसा. समुद्राकाठी हवेतलं मीठ बसतं, पावसाळ्यात बुरशी धरते. दोन्ही पांढरीच दिसतात आणि दोन्ही पुसून जातात. पुसूनही राहिलं तर तो पॉलिशमधला डाग. आता न दिसणाऱ्या कोपऱ्यात स्पिरिटचा एक थेंब लावा. चिकट झालं तर लाख आहे. मग कोरडी हवा मिळू द्या. ऑक्टोबरच्या उन्हाळ्यात कित्येक डाग आपणहून फिके होतात. न झाल्यास सुती कापड घालून कोमट इस्त्री दोन-चार सेकंद टेकवा, उचला, बघा, पुन्हा टेकवा. वाफेची इस्त्री नको. त्यानेही न गेल्यास चाळलेली बारीक राख तेलात कालवून लाकडाच्या रेषेच्या दिशेने हलक्या हाताने चोळा. खोबरेल चालतं, पण ते वाळत नाही आणि धूळ धरतं, म्हणून नंतर पूर्ण पुसून काढा. जवसाचं तेल वापरलंत तर त्याचं फडकं बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. ते आपोआप पेट घेऊ शकतं. बाहेर पसरून वाळवा. शेवटचा उपाय स्पिरिटचा: फडकं जेमतेम ओलं, एकच झरझर हात, थांबायचं नाही. खिडक्या उघड्या हव्यात आणि देवघरातलं निरांजन विझलेलं हवं.

काळा डाग मात्र वेगळा. तो पाणी आणि लोखंड लाकडात उतरल्याचा असतो. त्यासाठी जाणता सुतार बोलवा, इस्त्रीने तो जाणार नाही.

पांढऱ्या डागासाठी मशीन मारणारे काय करतात, ते मी जवळून पाहिलं आहे. शंभर वर्षांत हातांनी, उजेडाने, तेलाने आलेला रंग अर्ध्या तासात भुगा होऊन अंगणात पडतो. कोरीव कामाच्या कडा बोथट होतात. त्यावर पीयू (पॉलियुरेथेन) किंवा मेलामाइनचा लेप फवारतात आणि ‘वॉटरप्रूफ’ म्हणून चौपट पैसे मागतात. लाखेवर नवी लाख लावली की ती जुन्या थरात विरघळून एकजीव होते, म्हणून तळहाताएवढी दुरुस्ती तळहाताएवढ्याच जागेत होते. पीयूचं तसं नाही. एकदा कडेने पाणी आत गेलं की पापुद्रा सुटतो, आणि मग अख्खी वस्तू पुन्हा घासायची. दुरुस्त न होणारा थर खपवणं हा त्यांचा धंदा आहे. तो त्यांनी नव्या फर्निचरवर खुशाल करावा. आजीच्या कपाटावर करू देणारे आपण, म्हणून दोष आपलाही.

यातला सर्वांत निलाजरा प्रकार भर श्रावणात चालतो. गणपतीच्या आधी घर चकचकीत हवं, म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये पॉलिश करायला माणसं येतात आणि काम धरतात. स्पिरिट उडताना पृष्ठभाग थंड पडतो, दमट हवेतलं पाणी त्यावर बसतं आणि ताजं पॉलिश लावता लावताच पांढरं पडतं. म्हणजे डाग घालवायला आलेला माणूस अख्ख्या कपाटाला डाग लावून जातो, आणि दिवाळीत तोच ‘लाकूड ओलं होतं’ म्हणून पुन्हा पैसे मागतो. चांगला पॉलिशवाला पावसात डबा उघडतच नाही. दिवाळीनंतर या, असं सांगतो. श्रावणात काम धरणाऱ्याला आगाऊ रक्कम देऊ नका. स्पिरिटचा थेंब न लावता जो मशीनची वायर सोडायला लागेल, त्याला प्लगची जागा दाखवू नका.