कंपनीचा पत्ता आणि उद्योजकाची पत

'घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून' असे जुने लोक म्हणत. आजच्या काळात त्यात 'कंपनी पाहावी काढून' अशी भर घालावयास हरकत नाही. फरक एवढाच, की घर आणि लग्न अजूनही कष्टाचे राहिले आहे. कंपनी काढणे मात्र कागदोपत्री सोपे झाले आहे. फेब्रुवारी २०२० मध्ये सुरू झालेल्या 'स्पाइस प्लस' या एकाच ऑनलाइन अर्जात नावाचे आरक्षण, नोंदणी, पॅन, टॅन, भविष्य निर्वाह निधीची नोंदणी आणि बँक खात्याची विनंती अशी कामे एकत्र होतात. अधिकृत भांडवल १५ लाख रुपयांपर्यंत असल्यास नोंदणी शुल्कही माफ आहे. मुद्रांक शुल्क तेवढे राज्यागणिक वेगळे पडते.

या सुलभतेतून एक नवा व्यवसाय उभा राहिला आहे. 'कंपनी आम्ही काढून देऊ, पत्ताही आम्हीच देऊ' असे सांगणारे एजंट आज प्रत्येक मोठ्या शहरात आहेत, आणि नवउद्योजक बहुधा त्यांची निवड दरपत्रक पाहून करतो. नेमकी येथेच चूक होते. कंपनीचा पत्ता ही स्वस्तात मिळवावयाची वस्तू नव्हे. कायदा कंपनीशी ज्या ठिकाणी बोलतो, ते ते ठिकाण आहे.

कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १२ नुसार स्थापनेपासून ३० दिवसांच्या आत कंपनीचे नोंदणीकृत कार्यालय असावे लागते आणि तेथे येणारी पत्रे व नोटिसा स्वीकारून त्यांची पोच देण्याची व्यवस्था असावी लागते. कार्यालयाबाहेर कंपनीच्या नावाचा व पत्त्याचा फलक हवा, आणि तो त्या भागात प्रचलित असलेल्या भाषेच्या लिपीतही हवा. यात कसूर झाल्यास कंपनीला आणि जबाबदार अधिकाऱ्यांना दिवसाला एक हजार रुपये, कमाल एक लाख रुपयांपर्यंत दंड होतो. कंपनी व्यवसाय करीत नसल्याचा संशय आल्यास निबंधक प्रत्यक्ष जागेची पाहणी करू शकतात. २०२२ च्या नियमानुसार ही पाहणी स्थानिक साक्षीदारांसमक्ष होते व जागेचे छायाचित्रही घेतले जाते. तेथे कार्यालय आढळले नाही, तर कंपनीचे नाव नोंदवहीतून काढण्याची कारवाई सुरू होऊ शकते.

ही भीती काल्पनिक नाही. २०१७ मध्ये दोन लाखांहून अधिक कंपन्यांची नावे नोंदवहीतून काढण्यात आली, आणि त्या वर्षीच्या सप्टेंबरमध्ये अशा सुमारे २ लाख ९ हजार कंपन्यांच्या खात्यांवर निर्बंध घालण्याची पावले बँकांना उचलावी लागली. त्यांतील अनेक कंपन्या केवळ कागदावरच्या होत्या, हे खरे. परंतु वार्षिक विवरणपत्रे न भरलेल्या काही चालत्या कंपन्याही त्यात सापडल्या आणि नाव पूर्ववत करून घेण्यासाठी त्यांना राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाकडे जावे लागले. नाव काढण्यापूर्वी निबंधक नोटीस देतात व उत्तरासाठी ३० दिवसांची मुदत असते. ती नोटीस भाड्याच्या पत्त्यावर कोणाच्या तरी टेबलाखाली पडून राहिली, तर मुदत कोणासाठी थांबत नाही.

इंदूरमध्ये खाद्यपदार्थांचा उद्योग करणाऱ्या एखाद्या मराठी कुटुंबाचे उदाहरण घेऊ. स्वस्त पडते म्हणून एजंटाने दिल्लीचा पत्ता दिला. कारखाना इंदुरात, खाते इंदुरात. पण कंपनी दिल्लीची ठरली. खाते उघडताना बँक नोंदणीकृत कार्यालय आणि व्यवसायाचे मुख्य ठिकाण असे दोन्ही पत्ते विचारणारच. पुढे पत्ता मध्य प्रदेशात आणावयाचा झाल्यास विशेष ठराव, वृत्तपत्रात जाहिरात, धनकोंना सूचना आणि प्रादेशिक संचालकांची मान्यता असा लांबचा प्रवास करावा लागतो. प्रारंभी वाचवलेले काही हजार रुपये त्यात सहज खर्ची पडतात.

याचा अर्थ पत्त्याची सेवा मुळातच वाईट, असा नव्हे. कायद्याला जागा मालकीचीच असावी असा आग्रह नाही. घरमालकाचे संमतिपत्र आणि दोन महिन्यांच्या आतले वीजबिल असेल, तर राहते घरही चालते आणि बहुतेक लहान उद्योजकांना तेच सर्वांत सोयीचे असते. परंतु भाड्याच्या घरात राहणाऱ्याला घरमालक संमती देईलच असे नाही. शिवाय कंपनीचा पत्ता कोणालाही पाहता येतो. घरून एकट्याने काम करणाऱ्या महिलेला तो जाहीर होणे नकोसे वाटल्यास ते योग्यच आहे. अशांना ही सेवा उपयोगी पडते. मात्र निवड डोळसपणे व्हावी.

त्यासाठी पहिली कसोटी अशी, की एजंट किती प्रश्न विचारतो. मे २०२३ मधील अधिसूचनांनी कंपनी स्थापून देणे आणि दुसऱ्यासाठी नोंदणीकृत पत्ता पुरवणे ही कामे, काही अपवाद वगळता, काळा पैसा प्रतिबंधक कायद्याच्या कक्षेत आणली. म्हणून ग्राहकाची ओळख, व्यवसाय आणि पैशाचा स्रोत विचारणारा एजंट त्रासदायक नसून जबाबदार समजावा. काहीही न विचारणारा एजंट त्याच पत्त्यावर आणखी कोणाकोणाला बसवत असेल, याचा विचार ग्राहकाने करावा. शेजारी बनावट कंपनी निघाली, तर संशयाची सावली प्रामाणिक कंपनीवरही पडते.

दुसरी कसोटी प्रमाणपत्र देणाऱ्या व्यावसायिकाची. सनदी लेखापाल, कंपनी सचिव किंवा परिव्यय लेखापाल अर्ज प्रमाणित करतो, तेव्हा आपण जागेला स्वतः भेट दिली असे तो लिहून देतो. तो कोण, त्याचा सभासद क्रमांक काय, आणि तो खरोखर जागेवर गेला होता काय, हे विचारण्याचा ग्राहकाला पूर्ण अधिकार आहे. ग्राहकानेही एकदा ती जागा डोळ्यांनी पाहावी. फलक कोठे लागणार, टपाल कोण घेणार, ते किती दिवसांत कळवणार आणि करार संपल्यावर काय होणार, ही चार उत्तरे करारात लेखी असावीत. सरकारी शुल्क आणि एजंटाचे मानधन यांचा हिशेब वेगळा मागावा.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट किल्ल्यांची. संचालकाची डिजिटल स्वाक्षरी एजंटाच्या कपाटात ठेवणे म्हणजे कोऱ्या धनादेशांवर सह्या करून ते दुसऱ्याच्या हाती देणे होय. अर्जावरील ईमेल आणि मोबाइल क्रमांकही उद्योजकाचाच असावा. एजंटाचा ईमेल नोंदला गेला, तर इशारे त्याला मिळतात आणि दंड मात्र संचालकाला भरावा लागतो. एजंटाचे काम प्रमाणपत्रापाशी संपते, कंपनीचे तेथून सुरू होते, हेही ध्यानात ठेवावे. भागभांडवलाची रक्कम भरल्याचे व्यवसायारंभाचे घोषणापत्र १८० दिवसांत द्यावे लागते आणि त्यासाठी ती रक्कम खात्यात प्रत्यक्ष जमा झालेली असावी लागते.

बँकेच्या दृष्टीने कंपनीचा पत्ता ही तिची पहिली ओळख असते. त्या पत्त्यावर पाठवलेले पत्र परत आले, की पुढच्या प्रत्येक कागदाकडे अधिक बारकाईने पाहिले जाते. पत्र पोचले आणि त्याचे उत्तर आले, की विश्वासाचा पहिला धागा जुळतो. पत मिळवण्यास वर्षे लागतात. तिची सुरुवात ज्या दारापासून होते, ते दार तरी खरे असावे.