वांग आणि खाज

गरोदर बाईच्या गालावर काळसर डाग उठले, की आमच्या गल्लीत निकाल लागतो : मुलगा की मुलगी! मराठी घरांत त्या डागांना वांग म्हणतात, शेजारच्या कन्नड घरांत बंगु. शब्दही सख्खे आणि अंदाज बांधण्याची खोडही तीच. वास्तविक त्या दिवसांत संप्रेरके वाढल्याने त्वचेत रंगद्रव्य अधिक तयार होते, उन्हाने ते आणखी गडद होते. बेंबीखालची काळी रेघही त्यातलीच. बाळंतपणानंतर काही महिन्यांत हे बहुधा फिके पडते. मुलगा-मुलगी यांच्याशी त्याचा काडीचाही संबंध नाही. 1994 च्या कायद्याने यंत्राला जे विचारायला बंदी केली, ते आपण बाईच्या गालाला विचारतो, एवढेच!

पण माझी खरी तक्रार निराळीच आहे. आठव्या महिन्यात माझ्या वहिनीच्या तळहातांना व तळपायांना रात्री खाज सुटे. पुरळ नाही, फोड नाही. "उष्णता असेल, खोबरेल लाव," असे घरात ठरले. शेजारच्या अक्का म्हणाल्या, कातडी ताणली की खाजतेच. पोटाचे ते खरे. पण तळहात कुठे ताणतात? शेवटी तिने स्वतःच डॉक्टरीणबाईंना सांगितले. रक्त तपासले, तेव्हा यकृतातून पित्त नीट वाहत नसल्याचे कळले.

या विकारात पित्ताम्ले रक्तात साठतात. लिटरमागे 100 मायक्रोमोल किंवा अधिक झाली, तर मूल पोटातच दगावण्याचा धोका वाढतो. म्हणून पुन्हा पुन्हा तपासणी आणि कधी लवकर प्रसूती करावी लागते. खोबरेलाला हे काय कळणार?

गंमत अशी, की वांगासाठी मलम मात्र लगेच घरी आले. (गोरे करणाऱ्या काही मलमांत स्टेरॉइड असते, हे कोणी पाहतच नाही.) रक्ततपासणीच्या वेळी "खाजेसाठी एवढा खर्च?" असा प्रश्न निघाला. मी वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी. हा जमाखर्च काही केल्या मला जुळवता येत नाही.

सासूसमोर खाजेची गोष्ट काढायला सुनांना संकोच वाटतो, हेही आहेच. 2016 पासून दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यांत चौथ्या महिन्यापासून पुढच्या गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी होते. सोबत जी नणंद किंवा जाऊ जाते, तिनेच तेथे सांगावे : हिला रात्री हातापायांना खाज येते, झोप लागत नाही.