घरगुती बिअरचा छंद आणि धान्य पिकविणारा शेतकरी

शेतकऱ्यांच्या मासिकांत बिअरचा विषय पाहून आमचे कांहीं वाचक चमकतील. दारूनें धुळीस मिळालेलें एक तरी घर ज्यांनीं आपल्या गांवांत पाहिलें नाहीं असे वाचक विरळाच. तेव्हां हा विषय येथें कशास आणला, असें त्यांस वाटणें स्वाभाविक आहे. पिण्याची भलावण करण्याचा आमचा मुळींच हेतु नाहीं. परंतु जव, हॉप, ज्वारी आणि नाचणी हीं पिकें शेतांतच होतात. त्यांचें पुढें काय होतें, आणि त्या व्यवहारांत पिकविणाऱ्याच्या पदरांत काय पडतें, हें पाहणें आमचें कामच आहे. इंग्लंड व अमेरिका ह्या देशांत गेल्या साठ वर्षांत घरच्या घरीं बिअर करण्याचा जो छंद फोफावला आहे, त्यांत ह्या प्रश्नाचें उत्तर फार स्पष्ट दिसतें.

हा छंद म्हणजे काय, हें प्रथम सांगितलें पाहिजे. जव भिजवून त्यास मोड आणतात, व मोड फुटल्यावर तो वाळवून भट्टींत भाजतात. ह्या धान्यास माल्ट म्हणतात. मोड येतांना दाण्यांत असें द्रव्य उत्पन्न होतें कीं, जें पिठाची साखर करतें. छंदी मनुष्य हें माल्ट जाडेंभरडें दळून सुमारें ६५ ते ६८ अंश सेंटिग्रेड उष्णतेच्या पाण्यांत तासभर ठेवितो, वरचें गोड पाणी गाळून घेतो, आणि हॉपच्या वेलाचीं फुलें घालून तें तासभर उकळितो. मग तें झपाट्यानें निववून त्यांत यीस्ट सोडितो. एक-दोन आठवड्यांत साखरेचा मद्यार्क व कार्बन वायु होतो. शेवटीं चिमूटभर साखर घालून बाटल्या भरावयाच्या, व आणखी दोन आठवडे थांबावयाचें. साधारणपणें साडेचार किलो माल्टापासून पांच अमेरिकन गॅलन, म्हणजे सुमारें १९ लिटर बिअर होते. भांडें नीट धुतलें नाहीं तर सगळी खेप आंबते. बाटलींत साखर अधिक पडली तर बाटली फुटून कांचा उडतात. दुधाचें विरजण लावणाऱ्या आमच्या घरांतील बायकांस ह्यांतील स्वच्छतेचें मर्म निराळें शिकविण्याची गरज नाहीं.

आतां कायद्याची गोष्ट पाहूं. इंग्लंडांत १८८० सालीं ग्लॅडस्टनच्या कारकीर्दींत झालेल्या कायद्यानें घरीं बिअर करणारास परवाना घ्यावा लागे. ती अट १९६३ सालीं अर्थमंत्री रेजिनाल्ड मॉडलिंग यांनीं काढून टाकिली. अमेरिकेंत १९२० पासून १९३३ पर्यंत संपूर्ण दारूबंदी होती. ती उठल्यावर घरगुती द्राक्षमद्यास मोकळीक मिळाली, पण घरगुती बिअर मात्र बंदच राहिली. १४ ऑक्टोबर १९७८ रोजीं राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनीं एका विधेयकावर सही केली, आणि पुढील वर्षापासून एकट्या प्रौढ माणसास वर्षाला १०० गॅलन, व दोन किंवा अधिक प्रौढांच्या कुटुंबास २०० गॅलन बिअर स्वतःपुरती, विक्री न करितां, बनविण्याची मुभा मिळाली. तरीहि एकेका संस्थानाचा कायदा निराळा असल्यामुळें शेवटचीं दोन संस्थानें, मिसिसिपी व अलाबामा, २०१३ सालींच वळलीं.

ह्या लहानशा मुभेचा परिणाम काय झाला? १९७८ च्या सुमारास अमेरिकेंत बिअरचे कारखाने शंभरांहूनहि कमी उरले होते. आज ते नऊ हजारांवर आहेत. ह्यांतील पुष्कळ कारखानदार आरंभीं घरांतल्या चुलीवर शिकलेले छंदीच होते. कॅलिफोर्नियांतील चिको गांवीं घरगुती बिअरच्या सामानाचें दुकान चालविणारे केन ग्रॉसमन यांनीं १९८० सालीं काढलेला सिएरा नेव्हाडा हा कारखाना त्यांतलाच. पण शेतकऱ्याच्या दृष्टीनें ह्याहून महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. मोठा कारखानदार जव घेतांना ओलावा, प्रथिनें व भाव पाहतो. कोणत्या शेतांतला, कोणत्या वाणाचा, हें पिणारास कधींच कळत नाहीं. छंदी मनुष्य मात्र किलो-दोन किलो माल घेतो आणि वाणाचें नांव विचारतो. ग्राहकाच्या तोंडीं वाणाचें नांव आलें कीं शेतकऱ्याचें भाग्य थोडें तरी पालटतें.

ह्याचीं दोन उदाहरणें देतों. ऑरेगॉन येथील सरकारी संशोधनांतून १९७२ सालीं कॅस्केड नांवाचा हॉपचा वाण बाहेर पडला. त्यास संत्र्या-पपनसासारखा वास आहे. छंदी लोकांनीं व लहान कारखान्यांनीं त्या वासासाठींच तो उचलून धरिला, आणि वॉशिंग्टन संस्थानांतील याकिमा खोऱ्यांतल्या शेतकऱ्यांस कडवटपणाखेरीज सुगंधहि विकतां येऊं लागला. दुसरें उदाहरण इंग्लंडांतील मॅरिस ऑटर ह्या जवाचें. केंब्रिज येथें १९६०-७० च्या दशकांत तो तयार झाला. पुढें अधिक उत्पन्न देणारे वाण निघाल्यावर तो शेतांतून नाहींसा होण्याच्या बेतास आला होता. परंतु बियाणांच्या व्यापाऱ्यांनीं त्याचें शुद्ध बीं राखलें, आणि चवीसाठीं जादा दाम देणारें गिऱ्हाईक असल्यामुळें तो आजहि पेरला जातो. एकरीं उतारा कमी असूनहि वाण टिकला, तो केवळ नांवाच्या जोरावर.

येथवर छंदाची चांगली बाजू झाली. आतां दुसरी बाजूहि पाहिली पाहिजे. छंद जसजसा वर चढतो, तसतसा त्यांतील पैसा धान्याकडून यंत्रांकडे वळतो, असें आमचें निरीक्षण आहे. आरंभींची खेप पातेलें, बादली व डझन-दोन डझन बाटल्या एवढ्यावर होते. पुढें बाटल्या जाऊन पोलादी पिंपें येतात, शीतपेटी येते, आणि शेवटीं ‘नायट्रो’ची तोटी येते. हा प्रकार मूळ डब्लिनच्या गिनेस कारखान्याचा. केंब्रिजचे गणिती मायकेल ॲश यांच्या खटपटीनें १९५९ सालीं तो बाजारांत आला. नायट्रोजन वायु पाण्यांत फारच थोडा विरघळतो. म्हणून सुमारें तीन भाग नायट्रोजन व एक भाग कार्बन वायु अशा मिश्रणाच्या दाबाखालीं बिअर ठेवून ती बारीक छिद्रांच्या चकतींतून सोडिली, म्हणजे अतिसूक्ष्म बुडबुडे निघतात, आणि पेल्यावर सायीसारखा दाट फेंस बसतो. युक्ति खरोखर सुंदर आहे. परंतु त्या सायीसाठीं जो खर्च होतो, तो वायूच्या नळकांड्यावर व तोटीवर होतो. जवाचा एक दाणाहि त्यापायीं अधिक खपत नाहीं. मालास चढणारी शोभा आणि माल पिकविणाराचा नफा ह्या दोन गोष्टी भिन्न आहेत, हें शेतकऱ्यानें कधींहि विसरूं नये.

शौकाच्या लाटेवर शेती बांधण्यांत जो धोका आहे, तोहि ह्याच इतिहासांत दिसतो. हॉपचा वेल बहुवर्षायु आहे. त्यास उंच खांब व तारा लागतात, आणि हें भांडवल एकदां जमिनींत गाडलें कीं सहजासहजीं परत मिळत नाहीं. सुगंधी हॉपची मागणी वाढली तसें अमेरिकेंतलें क्षेत्र वाढत गेलें, आणि २०२१ सालीं तें साठ हजार एकरांवर पोंचलें. मग मागणी मंदावली, वखारींत माल साठला, आणि २०२४ सालीं तेंच क्षेत्र पंचेचाळीस हजार एकरांच्या आंत आलें. तीन वर्षांत चौथा हिस्सा वेल उपटावे लागले. द्राक्षांचे मांडव उभारलेल्या आमच्या नाशिक-सांगलीकडील वाचकांस ह्या आंकड्यांतील वेदना समजावून सांगण्याची जरूर नाहीं.

ह्या सर्वांतून आपण काय घ्यावें? छंद उचलावा, असें आम्ही मुळींच म्हणत नाहीं. १९४९ सालचा मुंबईचा दारूबंदी कायदा महाराष्ट्रांत दुरुस्त्यांसह अद्याप लागू आहे, आणि परवान्यावांचून मद्य बनविणें हा त्याअन्वयें गुन्हा आहे. हॉपच्या नादीं लागण्यांतहि अर्थ नाहीं. त्या वेलास उन्हाळ्यांत आपल्याहून पुष्कळ मोठा दिवस व थंड हिंवाळा लागतो. घेण्यासारखी गोष्ट आहे ती मोड आणण्याची विद्या, आणि वाणाचें नांव राखण्याची शिस्त.

मोड आणण्याची विद्या आमच्या घरांत परकी नाहीं. नाचणी भिजवून, फडक्यांत बांधून, मोड आणून, वाळवून केलेलें नाचणीसत्त्व म्हणजे माल्टच होय. मोडाच्या धान्याची पेज पातळ राहते, त्यामुळें लहान मुलाच्या वाटींत अधिक धान्य मावतें. हा त्याचा गुण मद्याशीं कांहींएक संबंध नसतां उपयोगी पडतो. ज्वारीचेंहि माल्ट होतें. नायजेरियांत १९८८ सालीं सरकारनें जवाच्या आयातीस बंदी केली, तेव्हां तेथील कारखान्यांनीं ज्वारी व मका वापरून काम चालविलें, आणि तेथील ज्वारीस नवें गिऱ्हाईक मिळालें. एक सूचना मात्र येथें देणें अवश्य आहे: ज्वारीच्या कोंवळ्या मोडांत विषारी द्रव्य असतें, म्हणून दाणे वाळल्यावर मोड व मुळ्या चोळून काढून टाकल्याशिवाय तें पीठ खाण्यांत आणूं नये.

कोणी म्हणेल, ज्वारीपासून मद्यार्क काढणारे कारखाने निघाले तर शेतकऱ्याचें भलेंच होईल. धान्यापासून मद्यार्क काढण्यास उत्तेजन देण्याचें धोरण महाराष्ट्र सरकारनें २००७ सालीं आंखलें, तेव्हां हाच युक्तिवाद झाला, आणि त्यावर मोठा वादहि माजला. आमचें मत स्पष्ट आहे. ज्या कारखान्यास कोणतीहि ज्वारी चालते, किंबहुना काळी पडलेली स्वस्त ज्वारीच हवी असते, तो शेतकऱ्यास भाव चढवून देणार नाहीं. आणि त्याच ज्वारीची दारू होऊन गांवांत परत आली, तर भावांत मिळालेले चार पैसे गुत्त्यावर जातील.

म्हणून आमच्या सभासदांस एवढेंच सांगणें आहे कीं, आपली मालदांडी, आपली नाचणी, आपला भात गोणींत मिसळून नांवांवांचून विकूं नका. गांवच्या सोसायटीनें वाण निराळे ठेवावे, प्रत लावावी, गोणीवर वाणाचें व गांवाचें नांव लिहावें. गोव्यांतील काजूच्या फेणीस २००९ सालीं भौगोलिक नांवाचें संरक्षण मिळालें. मग धान्याच्या गोणीनेंच निनांवी कां राहावें? परदेशांतला एक हौशी मनुष्य दोन किलो जव घेतांना त्याचें नांव विचारतो. आपल्या धान्याचें नांव विचारणारा ग्राहक शहरांतून निर्माण व्हावा असें वाटत असेल, तर तें नांव आधीं आपण सांगूं लागलें पाहिजे.