भागीदार कोण आणि भाडं कुणाच्या खिशातून?

शहाडहून लोकलने घाटकोपर, तिथून पूल चढून मेट्रो आणि मग अंधेरी. आपल्यापैकी कित्येकांचा कॉलेजचा किंवा पहिल्या नोकरीचा हा रोजचा मार्ग. मेट्रोचं तिकीट काढताना कधी मनात आलंय का, की हे भाडं ठरवलं कुणी?

वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर ही मुंबईची पहिली मेट्रो ‘पीपीपी’तून, म्हणजे सार्वजनिक-खासगी भागीदारीतून उभी राहिली. २००७ मध्ये एमएमआरडीए आणि रिलायन्सच्या पुढाकारातली मुंबई मेट्रो वन कंपनी यांच्यात करार झाला. कंपनीने मेट्रो बांधायची, ३५ वर्षांच्या मुदतीत चालवायची, मग परत द्यायची. या कंपनीत एमएमआरडीएचाही २६ टक्के हिस्सा. ८ जून २०१४ रोजी मेट्रो सुरू झाली, तेव्हा कराराच्या हिशेबाने भाडं ९, ११ आणि १३ रुपये हवं होतं. कंपनीने जाहीर केलं १० ते ४० रुपये. झालं, दोन्ही ‘भागीदार’ थेट उच्च न्यायालयात!

एमएमआरडीएचं म्हणणं, करार पाळा. कंपनीने २००२ चा मेट्रो कायदा दाखवला. सुरुवातीचं भाडं ठरवण्याचा अधिकार हा कायदा मेट्रो प्रशासनाला देतो. न्यायालयाने वाढीव भाडं रोखलं नाही. पुढे भाडेनिश्चिती समितीने ११० रुपयांपर्यंत भाड्याची शिफारस केली. ती मात्र न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये रद्द केली. मग २०२३ मध्ये लवादाने एमएमआरडीएविरुद्ध तब्बल ९९२ कोटींचा निवाडा दिला. त्यालाही आव्हान दिलं गेलं.

गोंधळ ‘भागीदारी’ या शब्दापासूनच सुरू होतो. १९३२ च्या भागीदारी कायद्यात भागीदार म्हणजे धंद्याचा नफा वाटून घेणारे, एकमेकांच्या वतीने व्यवहार करणारे आणि देण्यांना सगळे मिळून जबाबदार असणारे. पीपीपीत असं काही नसतं. तिथे असतो फक्त करार. कोणती जोखीम कुणाची, जागा उशिरा मिळाली तर भरपाई कोण देणार, दर कसे वाढणार, हे सगळं त्यात लिहिलेलं. त्यासाठी देशात वेगळा केंद्रीय कायदा नाही. आधार मुख्यतः १८७२ च्या करार कायद्याचा. आणि करारातलं कलम संसदेच्या कायद्याशी भिडलं, तर कलम हरतं.

म्हणून पीपीपी वाईट, असं मुळीच नाही. घाटकोपर ते अंधेरी बसमध्ये अडकलेल्या माणसाला विचारा, मेट्रोची किंमत तो सांगेल. पण या करारावर आपली सही नसते आणि त्यातली प्रत्येक ढिलाई मात्र आपल्या तिकिटातून किंवा करातून वसूल होते. करार करतानाच कायदा नीट तपासला असता, तर भाड्याचा एवढा घोळ झालाच नसता.

त्यामुळे मागणी साधी आहे. पीपीपीचा प्रत्येक करार सही होण्याआधी मराठीत, संकेतस्थळावर लोकांसमोर यावा. दर कसे ठरणार, हे पहिल्याच पानावर असावं. माहिती अधिकार कायद्याचं कलम ४ तर सांगतंच, की कुणाला कोणत्या सवलती दिल्या हे सरकारी यंत्रणांनी स्वतःहून जाहीर करावं. उद्या आपल्या कल्याण-शहाडकडे एखाद्या पुलाच्या किंवा पार्किंगच्या बोर्डावर ‘पीपीपी’ दिसलं, तर सेल्फी नंतर काढा. आधी करार मागा.