नाथसागरावरचं सोलर आणि आपलं आवर्तन

जायकवाडीच्या नाथसागरावर तरंगतं सोलर होणार, ही चर्चा परवा पुन्हा निघाली. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्याविरुद्धची याचिका फेटाळली, तेव्हा आज ना उद्या होणारच असं धरून चाला. "पैठणला होणार, आपल्याला काय?" असं एकजण म्हणला. अरे बाबा, २०८ किलोमीटरचा डावा कालवा येतो कुठं? आपल्याच परभणीत ना!

माझा सोलरला विरोध नाही. माझ्या विहिरीवर सौरपंप आहे, दिवसा भिजवणं होतं, रात्रीचं इचू-काट्याचं भ्या गेलं. पण देखभाल काय असते ते त्याच पंपानं शिकवलं. एका प्लेटवर बगळ्याची घाण वाळली की सगळ्या ओळीची वीज उतरते. बोअरच्या पाण्यानं धुतलं तर क्षाराचा पांढरा थर बसतो. तापलेल्या काचेवर गार पाणी मारायचं नाही, पहाटेच पुसायचं. नाथसागर तर पक्षी अभयारण्य! तिथं धुणारी माणसं बारमाही लागतील, अन् साबण-केमिकल अजिबात नको, ते पाणी आपण पितो.

खरी भीती वेगळीच आहे. तरंगत्या प्लेटा तळातल्या वजनांना दोरांनी बांधलेल्या असतात. पाणी उतरलं की दोर ढिले पडतात, वाऱ्यानं सगळं भरकटतं. आणखी आटलं तर गाळात बसतं. रामगुंडमला आपल्याच गोदावरीच्या खालच्या अंगाला एनटीपीसीचा १०० मेगावॅटचा प्रकल्प २०२२ पासून चालू आहे, पण तो औष्णिक केंद्राच्या तलावावर, तिथं पाणी राखावंच लागतं. नाथसागर २०१६ अन् २०१९ च्या उन्हाळ्यात मृतसाठ्यात गेला होता.

वादळाचा, आगीचा विमा कंपनी काढणारच. जपानच्या यामाकुरा धरणावर २०१९ च्या वादळात प्लेटा एकमेकींवर चढून पेटल्या, ते सगळ्यांनी बघितलंय. पण पाणी उतरल्यानं झालेलं नुकसान विम्यात नसलं तर? मग उन्हाळी आवर्तन थांबवायला दाब येणार, अन् आपला ऊस-भुईमूग वाळणार. पीकविम्याच्या बारीक अक्षरांनी आपल्याला काय शिकवलं ते आठवा.

म्हणून करारातच लिहून घ्या: पाणी कितीही उतरलं तरी आवर्तनाला हरकत नाही, ती जोखीम कंपनीची. मासेमारांच्या होड्या-जाळ्यांची भरपाईही त्याच विम्यात. पाणी वापर संस्थांनी हे कालवा सल्लागार समितीच्या पुढच्या बैठकीत लेखी द्यावं. आमच्या गावाचा अर्ज मी लिहायला घेतलाय.