स्पेलिंगचे सोवळे

शहराच्या उत्तर अंगास असलेल्या हर्सूलचे नाव रोमन लिपीत दोन प्रकारांनी लिहिलेले आढळते. 'सू'साठी कोणी 'यू' हे एकच अक्षर योजतो, कोणी दोन 'ओ' जोडतो. तथापि या भेदापायी हर्सूलचा तलाव जागचा हललेला नाही, की तेथील मध्यवर्ती कारागृहाच्या भिंती ढासळलेल्या नाहीत. ही उदारता आपण गावाच्या नावाला दाखवितो. माणसाला मात्र दाखवीत नाही. नोकरीच्या अर्जात एखादे इंग्रजी अक्षर मागेपुढे झाले, की वाचणाऱ्याच्या ओठांवर हसू उमटते आणि अर्जदाराची योग्यता तपासण्यापूर्वीच तिचा निकाल लागून जातो. या वृत्तीस विद्वत्ता म्हणण्यास आम्ही तयार नाही.

ज्या भाषेच्या नावाने हे सोवळे पाळले जाते, ती स्वतः इतकी सोवळी कधीच नव्हती. शेक्सपिअरच्या उपलब्ध स्वाक्षऱ्यांत त्याच्या स्वतःच्या नावाचे स्पेलिंगही एकसारखे नाही. १७५५ साली जॉन्सनच्या कोशाने प्रमाण मानलेली कित्येक रूपे १८२८ साली अमेरिकेत वेब्स्टरच्या कोशाने बदलली; 'कलर' या शब्दातील जो 'यू' लंडनमध्ये आवश्यक, तोच न्यूयॉर्कमध्ये चूक ठरतो. कर्ज या अर्थाच्या 'डेट' शब्दातील अनुच्चारित 'बी' तर लॅटिन कुळ दाखविण्याच्या हौसेने पंडितांनीच आत आणला. पंडितांनी काढलेले ते कर्ज जगभरची मुले आजही फेडीत आहेत!

आपल्या घरचा अनुभव तरी निराळा कोठे आहे? 'नांव' आणि 'घरांत' या शब्दांवरील अनुस्वार विसरणारा विद्यार्थी एके काळी दोषी ठरे. १९६२ साली मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम आले आणि तो अनुस्वार देणाराच दोषी ठरू लागला. लेखनाचे नियम हे सोयीसाठी केलेले संकेत असतात. ते पाळावेत, परंतु त्यांवरून कोणाची बुद्धी वा कुळशील मोजू नये.

मराठवाड्यात तर या गोष्टीचे विशेष भान हवे. निजामी राजवटीत १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे शिक्षण उर्दूतून चाले. संस्थान १९४८ साली भारतात विलीन झाले. त्यानंतर १९५० मध्ये डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने या शहरात महाविद्यालय सुरू केले आणि १९५८ मध्ये येथे विद्यापीठ आले. ज्या घरांत पहिला पदवीधर त्यानंतरच झाला, अशी घरे येथे विपुल आहेत. त्या घरातील मुलाने इंग्रजीत लिहिण्याचे धाडस करावे आणि सुशिक्षितांनी त्याच्या क्रियापदावर हसावे, यात भाषेची सेवा कोणती? हसण्याच्या भयाने तो पुढच्या वेळी चूक करणार नाही, हे खरे. कारण तो तोंडच उघडणार नाही.

आम्ही अशुद्धतेचे वकीलपत्र घेतलेले नाही. औषधाच्या चिठ्ठीत वा करारपत्रात एका अक्षराने अनर्थ होऊ शकतो. तेथे काटेकोरपणा हवाच. वर्गात चूक दाखविणे हे तर शिक्षकाचे कर्तव्यच होय. परंतु चूक सुधारणे वेगळे आणि चुकणाऱ्यास खाली पाहावयास लावणे वेगळे. पहिल्याचा हेतू शिकविणे हा असतो. दुसऱ्याचा, आपली पायरी वरची असल्याचे जाणवून देणे हा.

हे पांडित्य कचेरीत शिरले म्हणजे अधिकच जाचक होते. 'लक्ष्मण'मधील 'क्ष' एका कागदावर 'एक्स'ने आणि दुसऱ्यावर तीन अक्षरांनी लिहिला गेला, की तोच मनुष्य दोन व्यक्ती ठरतो. मग प्रतिज्ञापत्र, राजपत्रातील जाहिरात आणि हेलपाटे. वस्तुतः मूळ नाव देवनागरीत स्पष्ट असता त्यालाच प्रमाण मानून रोमन रूपांतील असे किरकोळ भेद जागच्या जागी मिटविण्याची मुभा अधिकाऱ्यास असावयास हवी. इतिहास वा विज्ञानाच्या उत्तरपत्रिकेत आशय बरोबर असेल, तर स्पेलिंगपायी गुण कापले जाऊ नयेत. आणि मुलाखत घेणाऱ्यांनी अर्जदारास काय येते ते आधी विचारावे. भाषा हे मनुष्यास आत घेण्याचे दार आहे. त्याला बाहेर ठेवण्याची कडी म्हणून तिचा उपयोग करणे हीच आमच्या मते सर्वांत मोठी अशुद्धता होय.